घट्ट म्हणजे किती?

या जगात जे जे म्हणून डुगडुगतं, करकरतं, खुळखुळतं किंवा अचानक निखळून हातात येतं, ते ते माझ्या बायकोच्या मावशींना स्वतःचा वैयक्तिक अपमान वाटतं. टेक्सासचा उन्हाळा, निवडणुका, भाच्यांची लग्नं यांबद्दल त्यांची फारशी तक्रार नसते. माणसांनी काय वाट्टेल ते करावं, पण स्क्रूनं आपल्या जागी राहावं, एवढं एकच त्यांचं देवाकडे मागणं आहे, आणि तेही त्या सर्वस्वी देवावर सोपवत नाहीत. त्यांच्या पर्समध्ये लिपस्टिक नसते, आरसा नसतो. सहा टोकांचा एक चिमुकला स्क्रूड्रायव्हर असतो. कुणाचा चष्मा नाकावरून घसरताना दिसला की "एक मिनिट हं" म्हणून त्या तो सरळ काढूनच घेतात, माणूस ओळखीचा असो वा नसो. एकदा इथल्या, म्हणजे अर्विंगच्या, देशी किराणा दुकानात एका अनोळखी गृहस्थांचा चष्मा त्यांनी असाच उतरवला, आणि ते बिचारे तो परत मिळेपर्यंत हरभऱ्याच्या डाळीला तुरीची डाळ समजून तिचा भाव विचारत उभे राहिले.

माझी त्यांची पहिली भेट लग्नानंतरची. मी नागपूरहून नोकरीसाठी थेट अर्विंगला येऊन पडलो होतो. माझी बायको वृंदा म्हणाली, "मावशी जरा वेगळी आहे, पण मनानं फार चांगली आहे." नातेवाइकांची ओळख या वाक्यानं करून दिली की सावध व्हायचं असतं, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. पानं वाढली गेली, भातावर वरण पडलं, तूप पडलं. मी पहिल्या घासासाठी पुढे वाकलो आणि खुर्ची 'कुर्र' अशी बोलली. मावशींचा तुपाचा चमचा हवेतच थांबला.

"ऊठ रे जरा."

मी ताट हातात घेऊन उठलो. पुढच्या मिनिटाला खुर्ची गालिच्यावर उताणी होती आणि मावशी तिच्या शेजारी कुशीवर. "घाबरू नकोस, थोडा दाब जाणवेल," त्या म्हणाल्या.

"नाही नाही मावशी, मी ठीक आहे नं," मी म्हणालो.

"तुला नाही रे. हिला."

जावई म्हणून माझं पहिलं जेवण मी उभ्यानं जेवलो. खुर्ची बरी होऊन परत आली, मी बसलो, मठ्ठ्याचा पहिला घोट घेतला, तेवढ्यात घड्याळाकडे बघून मावशी पुन्हा म्हणाल्या, "दहा मिनिटं झाली. ऊठ."

या दहा मिनिटांचं रहस्य मला नंतर कळलं. मावशी व्यवसायानं दातांच्या डॉक्टर. पडलेल्या दाताच्या जागी जबड्यात स्क्रू बसवून त्यावर नवा दात चढवायचा, यात त्यांचा हातखंडा. हा स्क्रू अंदाजानं पिळत नाहीत. जोर मोजणारा एक पाना असतो. ठरलेला जोर झाला की तो 'टक्' करतो, आणि तिथे थांबायचं. मग दहा मिनिटं पेशंटशी हवापाण्याच्या गप्पा मारायच्या आणि पुन्हा एकदा त्याच जोरानं आवळायचं, कारण नवीन बसलेले आटे थोडे दबतात आणि पकड सैल होते. ही दवाखान्यातली शिस्त मावशींनी उभ्या प्रपंचाला लावली. जोर मोजणारे त्यांच्याकडे चार पाने आहेत. त्यातल्या लाडक्याचं नाव त्यांनी टक्या ठेवलंय. "टक्या कुठाय?" अशी हाक ऐकून नवीन पाहुणे मांजर शोधायला लागतात. बसवलेल्या प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या लाकडावर उतरणारी एक बारीक पांढरी रेषा त्या दात रंगवायच्या कुंचल्यानं काढतात. ती साक्षीरेषा. स्क्रू केसभर फिरला तरी रेषा तुटते आणि गुन्हा उघडकीला येतो. मावशींच्या घरातली कपाटं, दारं, पंखे, कुकरची मूठ, सगळ्यांनी असं गंध लावलेलं आहे. सोवळ्यातलं घर म्हणतात ते हेच, असं वृंदा म्हणते.

आमच्या मुलीच्या बारशाला मावशींनी पाळण्याचे बोल्ट तपासायला घेतले. बायका नटूनथटून उभ्या, बाळ आत्याच्या हातावर रडून रडून लाल, मुहूर्ताची घटका सरत चाललेली, आणि मावशी पैठणीचा पदर कमरेला खोचून पाळण्याखाली. कुणीतरी धीर करून म्हणालं, "अहो, मुहूर्त टळेल." पाळण्याखालून उत्तर आलं, "मुहूर्त टळला तर पुढचा मिळेल. नट सुटला तर?" महाराष्ट्र मंडळाच्या नाटकाच्या वेळी तर त्यांनी कमालच केली. तिसऱ्या अंकात नायक मरणाऱ्या बापाचा हात धरून बोलत होता आणि रंगमंचाची एक फळी त्याच्या वजनानं हलत होती. मावशी पहिल्या रांगेतून अदृश्य झाल्या. थोड्याच वेळात फळ्यांच्या पोटातून 'टक्' असा गंभीर आवाज येऊ लागला. बाप प्रत्येक 'टक्'ला दचकून डोळे उघडायचा. प्रेक्षकांना वाटलं, काळाची पावलं वाजतायत. त्या प्रवेशाला अशी टाळी पडली की दिग्दर्शकानं पुढच्या प्रयोगासाठी तो आवाज मुद्दाम मागितला.

आता अशा बाईच्या हाती रायफल कशी आली, ते सांगतो. मावशींच्या शेजारी डेल नावाचे एक निवृत्त गृहस्थ राहतात. सहा फूट उंच, रुंद काठाची टोपी, आणि खालच्या जबड्यात मावशींनी बसवलेले दोन दात. मावशींचे यजमान, आमचे काका, गेल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मावशी घरातल्या घरात तेच तेच स्क्रू पुन्हा पुन्हा तपासत बसायला लागल्या, तेव्हा डेल त्यांना मोकळ्या हवेत न्यायचं म्हणून आपल्या नेमबाजीच्या मैदानावर घेऊन गेले. त्या दिवशी डेलची एकही गोळी जागेवर लागेना. डेल वाऱ्याला बोल लावत होते, उन्हाला लावत होते, शेवटी आपल्या डोळ्यांच्या डॉक्टरवर घसरले. मावशींनी जन्मात बंदूक पाहिली नव्हती. त्यांनी रायफलीवरच्या दुर्बिणीकडे बोट दाखवून विचारलं, "ह्याचे स्क्रू कोणी बसवले?"

"मीच. हातानं. चांगले घट्ट," डेल म्हणाले.

"घट्ट म्हणजे किती?"

डेल सांगतात की चाळीस वर्षांत त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. ते टोपी काढून बाजूला सरकले. मावशींनी पर्स उघडली. अर्ध्या तासानं डेलच्या गोळ्या एका बशीत मावतील इतक्या जवळ जवळ लागायला लागल्या, आणि मावशींच्या चेहऱ्यावर, त्या वर्षात पहिल्यांदाच, हसू आलं. ज्या यंत्रात एक स्क्रू ढिला राहिला तर शंभर यार्डांवरच्या कागदाला कळतं, असं यंत्र त्यांना साठाव्या वर्षी भेटलं होतं. मग त्यांनी नेम शिकून घेतला, परवान्याचे सोपस्कार केले, आणि तयार रायफल न घेता सुटे भाग मागवले. "दुसऱ्यानं आवळलेलं मी का वापरू?" असा त्यांचा सवाल होता.

वृंदा हादरली. "मावशी, घरात बंदूक?"

"बंदूक नाही गं ती. स्क्रूंचा संसार आहे," मावशी म्हणाल्या. "आणि गोळ्या वेगळ्या खोलीत, कुलपात. किल्ली देवघरात."

हा संसार मांडायला मदतनीस म्हणून माझी नेमणूक झाली, कारण मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. नागपुरात चार वर्षं काढून मी ती पदवी मिळवली आणि त्यानंतर कधीही तिला हात लावला नाही; पोट भरतो ते कॉम्प्युटरवर. पण मावशींना वाटलं, जावयाच्या शिक्षणाचं चीज व्हावं. जेवणाच्या टेबलावर दवाखान्यातलं निळं कापड अंथरलं गेलं, वर दात बघायचा दिवा आला, आणि ट्रेमध्ये स्क्रू उंचीप्रमाणे उभे राहिले. रायफलीची नळी लाकडी दस्त्यावर बसवताना त्या दोन्ही मुख्य स्क्रू आलटून पालटून, थोडे थोडे आवळत होत्या. "एकालाच पिळत सुटलास तर दुसरा रुसतो." दुर्बीण धरणाऱ्या कड्यांच्या वेळी आधी आट्यांवरचं तेल स्पिरिटनं पुसायचं. "तोंडात लाळ असली तर सिमेंट धरत नाही, आट्यांवर तेल असलं तर औषध धरत नाही." औषध म्हणजे आटे जागच्या जागी धरून ठेवणारा निळा चिकट द्रव. तो किती घालायचा? "एक थेंब. दोन थेंब म्हणजे आळस." आणि काम संपल्यावर रायफलीला पेशंटसारख्याच सूचना: चोवीस तास आराम, धक्का द्यायचा नाही, गरम काही लावायचं नाही.

हे काम चार-पाच शनिवार चाललं. जसजसे दिवस गेले तसतशी मावशींची बसायची जागा बदलत गेली. सुरुवातीला पाना त्यांच्या हातात आणि दिवा माझ्या हातात असायचा. नंतर दिवा त्या धरायला लागल्या आणि पाना माझ्याकडे आला. मला वाटलं, मी शिकलो. नागपूरला वडिलांना फोन करून मी तसं सांगितलंही.

शेवटच्या शनिवारी सकाळी फक्त दुर्बिणीच्या कड्यांवरचे चार स्क्रू उरले होते, आणि मावशींचा फोन वाजला. कुणा पेशंटचा दात पॉपकॉर्नच्या दाण्यावर तुटला होता. "खालचे झालेत, वरचे चार राहिलेत," त्या निघता निघता म्हणाल्या. "मी आल्याशिवाय हात लावू नकोस."

आता खरं सांगायचं तर त्या सकाळी भारताची मॅच होती. शेवटची दहा षटकं उरलेली. आटे पुसा, औषध हलवा, पान्याचा आकडा लावा, समोरासमोरचे आवळा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा आवळा, हे सगळं होईस्तोवर मॅच संपली असती. माझ्यातला चार वर्षांचा इंजिनिअर अवचित जागा झाला आणि म्हणाला, अरे, हातालाही काही अक्कल असतेच नं! मी साधी किल्ली घेतली आणि चारही स्क्रू दात-ओठ खाऊन करकचून टाकले. औषध लावलं नाही. एवढ्यावर थांबलो असतो तर तो नुसता कामचुकारपणा ठरला असता. मी कुंचला उचलला आणि चारही डोक्यांवर पांढऱ्या रेषा ओढून दिल्या.

मावशी परतल्या. "चार दिसतायत. तू केलेस?"

"हो."

"टक्यानं?"

"हो."

"औषध?"

"एक थेंब."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या आता चष्मा चढवणार, रेषा न रेषा तपासणार आणि मला घराबाहेर काढणार, म्हणून मी चपला कुठे आहेत ते बघून ठेवलं. पण मावशी म्हणाल्या, "बरं झालं बाबा," आणि रायफलीवर निळं कापड पांघरलं. ज्या बाईनं विमानात आपल्या खुर्चीचा स्क्रू हलतो म्हणून "मग पंखाचा कुणी बघितलाय?" असं विचारून प्रत्यक्ष वैमानिकाला बाहेर बोलावलं होतं, तिनं माझा शब्द तसाच घेतला. घरी जाऊन मी हे हसत हसत सांगितलं तर वृंदा हसली नाही. "मावशीनं तपासलं नाही? तिला बरं नाहीये का?" मी ते हसण्यावारी नेलं. पुढच्या आठवड्यात मावशी डेलबरोबर जाऊन दहाएक गोळ्या झाडून नेम जुळवून आल्या, सगळं व्यवस्थित होतं, आणि माझी खात्री पटली की हात तसा वाईट नसतो.

स्पर्धा दोन तासांच्या अंतरावर एका गावाबाहेरच्या मैदानावर होती. वयस्कर लोकांची, वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून नेम धरायची. पंचवीस म्हातारे आणि एक मावशी. पांढऱ्या शर्टावर काकांचं जुनं जाकीट, कानांवर मोठे आवाजरोधक, त्यांतून डोकावणारी मोत्यांची कुडी. वीस गोळ्या, ठरलेला वेळ. पहिल्या सात अशा लागल्या की डेल आपल्या दुर्बिणीतून बघत माझ्या पाठीत गुद्दे घालायला लागले. आठवी जरा डावीकडे. नववी आणखी डावीकडे. बारावी कागदाच्या कडेला. डेल पुटपुटले, "वारा." झाडाचं पानही हलत नव्हतं.

पंधराव्या गोळीनंतर मावशींनी हात वर केला, रायफल रिकामी करून उघडी ठेवली आणि पंचांना म्हणाल्या, "मला स्क्रू तपासायचेत."

"घड्याळ थांबणार नाही, मॅम."

"थांबूही नये," मावशी म्हणाल्या.

त्यांनी टक्या काढला. कड्यांवरचा पहिला स्क्रू 'टक्' न करता गुमान फिरला. दुसराही. मावशींनी चष्मा वर ढकलून जवळून पाहिलं. रेषा तुटल्या होत्या. पण त्यांना दुसरंच काहीतरी दिसलं होतं.

"ही रेषा माझी नाही," त्या म्हणाल्या. "माझी बारीक असते."

टेक्सासचं सगळं ऊन माझ्या एकट्याच्या कानशिलांवर पडलं होतं. मला वाटलं, आता त्या सामान आवरतील. त्यांनी टक्या माझ्या हातात दिला. "कर. मी बघते."

पंचवीस म्हातारे, दोन पंच आणि एक डेल यांच्यासमोर मी चारही स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत नेले. टक्. टक्. टक्. टक्. आयुष्यातली माझी ती एकमेव प्रात्यक्षिक परीक्षा, जिच्यात मी नक्कल केली नाही. दुर्बीण तोवर जागची सरकली होती आणि नेम पुन्हा जुळवायला वेळ नव्हता. मावशी तशाच बसल्या आणि उरलेल्या पाच गोळ्या शांतपणे झाडल्या.

कागद जवळ आणला तेव्हा पाचही छिद्रं एकमेकांना चिकटून, एका रुपयाखाली झाकतील अशी लागली होती. फक्त ती कागदाच्या पार खालच्या डाव्या कोपऱ्यात होती, जिथे गुणच नाहीत. डेलनी टोपी काढली. म्हणाले, "डॉक, चुकीच्या जागी इतकं सुंदर काम मी जन्मात पाहिलं नाही." मावशी शेवटून पहिल्या आल्या. पण त्यांचा आनंद असा उतू जात होता की जिंकलेल्या माणसानं येऊन त्यांना कारण विचारलं. "अरे, एकजूट बघ ना त्यांची!" त्याला त्या चक्क मराठीत म्हणाल्या, आणि तो "यस मॅम" म्हणाला. तो कागद पुढे त्यांनी चौकटीत घालून दवाखान्यात पेशंटच्या खुर्चीसमोर लावला. त्यानंतर पेशंट न सांगता आ करायला लागले म्हणतात.

परत येताना गाडी मी चालवत होतो. पंधरा-वीस मैल गेल्यावर मी म्हणालो, "मावशी, मी खोटं बोललो."

"कळलं ते."

"मॅच होती."

"कोण जिंकलं?"

"आपण हरलो."

"बरं झालं," मावशी म्हणाल्या, आणि इतक्या हसल्या की डोळे पुसायला त्यांना गाडी थांबवायला लावावी लागली. रस्त्याकडेला ओकच्या झाडाखाली एक सिमेंटचं टेबल होतं. त्यांनी पिशवीतून थर्मास काढला, दोन कप मांडले आणि थर्मास माझ्याकडे सरकवला. मी त्यांचा कप काठोकाठ भरायला लागलो.

"अर्धाच भर रे," त्या म्हणाल्या.

"का? चहा भरपूर आहे नं."

त्यांनी कप उचलला. तेव्हा मी पाहिलं. कपातला चहा थरथरत होता, आणि अर्धाच असल्यामुळे सांडत नव्हता.

"हिवाळ्यापासून आहे," मावशी म्हणाल्या. "दात बसवणं थांबवलंय मी, नुसतं तपासते. त्या शनिवारी दात तुटला त्यालाही फक्त तपासून दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवलं. रायफल वाळूवर टेकलेली असते, तेवढं जमतं. बाकी हाताला आता कळत नाही, किती झालं ते." मग झाडाकडे बघत, "म्हणून तर तुझ्याकडे पाना दिला होता."

मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं; पण मी मान खाली घालून चहा प्यायलो आणि मला ठसका लागला. मावशींनी माझ्या पाठीवर थोपटलं. तो हात हलत होता, पण थोपटताना हात हलायचाच असतो, त्यामुळे काही कळलं नाही.

दवाखाना आता दुसऱ्या डॉक्टरांनी घेतलाय. मी दर रविवारी सकाळी मावशींकडे जातो. काही ढिलं झालेलं असतं, काही नसतं. चहा मी करतो. दोघांनाही अर्धा अर्धा कप ओततो, म्हणजे एकट्या त्यांचाच अर्धा दिसत नाही, आणि मग आम्ही दोघंही दुसऱ्यांदा घेतो.